कडूबाचा उरलेला तुकडा

येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायच्या प्रभुभोजनाची भाकर आमच्या मंडळीत मीच करत असे. खामगावात तेव्हा आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं मूठभर, पाव आणायचा कुठून, म्हणून गव्हाची जाडसर पोळी तव्यावर भाजायची आणि गार झाली की सुरीने तिचे तुकडे करायचे. माणसं ओळखीची, त्यामुळे तुकडे नेमके. तरी दर वेळी भोजन आटोपून ताट माझ्याकडे परत आलं की त्यात एक तुकडा उरलेला असायचा. तो कडूबाचा असे.

पाळकाच्या बायकोने बोलू नये, पण मला त्या तुकड्याचा राग यायचा. माझे यजमान नारायणराव मंडळीचे पाळक. ते तो तुकडा मुकाट्याने खाऊन टाकायचे आणि म्हणायचे, "पुढच्या खेपेला घेईल." पुढच्या खेपेलाही कडूबा घेत नसे. असं कितीतरी वर्षं चाललं होतं.

कडूबा जिनिंगमध्ये हमाल होता. कापसाची गठाण पाठीवर घेऊन फळीवरून सरसर चढणारा धिप्पाड माणूस, आवाज मात्र हळू. भोजनाचा रविवार जवळ आला की तो एकवेळ जेवायचा, जमिनीवर निजायचा, बायकोशी कामापुरतंच बोलायचा. प्रार्थनामंदिर झाडायचा, रांजण भरायचा आणि भर वैशाखातसुद्धा अनवाणी यायचा. नारायणरावांना त्याचं भारी कौतुक. एकदा तर त्यांनी उपदेशात त्याचं उदाहरण दिलं आणि घरी आल्यावर माझी बोलणी खाल्ली. कारण बायकांच्या बाजूला बसून मी जे पाहायची ते त्यांना दिसत नव्हतं. ताट जवळ येऊ लागलं की कडूबाच्या कपाळावर घाम फुटायचा, ओठ पांढरे पडायचे. तो ताटाला बोटही न लावता ते शेजाऱ्याकडे जाऊ द्यायचा. तो माणूस भक्तीने नव्हे, भीतीने अर्धमेला होत होता.

मंडळीत तर्क चालायचे. कुणी म्हणे, गावाकडे दुसरी बायको असेल. कुणी म्हणे, हातून खून झाला असेल. एकदा तो अंगण झाडत असताना मी सरळ विचारलं, "कडूबा, तुम्ही भाकर का घेत नाही?"

"तयारी नाई होत, बाई," झाडू न थांबवता तो म्हणाला.

"आणखी कसली तयारी राहिली?"

"आतून साफ व्हा लागते. पाद्रीसाहेबानं वाचलं होतं ना, जो अयोग्य रीतीनं खाईन तो आपल्याच हातानं दंड वढून घेईन."

"अहो, गरिबांना उपाशी ठेवून स्वतः हादडणाऱ्यांना ते लिहिलेलं. तुमच्यासाठी नाही. देवाची कृपा फुकट असते, ती घ्यायची असते."

त्याने झाडू थांबवला. "फुकटच्याचंच भेव वाटते, बाई. कष्टाचं असलं त आपण काय देल्लं ते ठाऊक रायते. फुकटचं कवा वापस मांगतीन, कोनाले ठाऊक?"

मी चिडले. मी दुष्काळातली पोर. मला रस्त्यावरून उचलून आणलं तेव्हा मिशनच्या बायांनी तोंडाशी पेजेची वाटी धरली होती. मी कुणाची, काय केलं, अंग धुतलंय का, कुणी विचारलं नाही, आणि मीही काही न विचारता ती पेज प्यायली. दिलेलं घ्यायला माणूस इतका का भितो, हे मला कळतच नव्हतं.

ते कळलं ते हळूहळू, थोडं त्याच्याकडून आणि थोडं त्याच्या बायकोकडून, झुंबरबाईकडून. कडूबा मोताळ्याकडचा. त्याच्या घराण्यात बारागाड्यांचा मान होता. चैत्रातल्या जत्रेला बारा रिकाम्या बैलगाड्या एकामागे एक बांधतात, त्यांवर माणसं खच्चून बसतात आणि हळद माखलेला भगत कंबरेला दोर बांधून त्या देवळापर्यंत ओढत नेतो. मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं सांगते. भगताने महिनाभर आधी व्रत धरायचं. आपल्या हातचं शिजवून खायचं, दुसऱ्याच्या हातचं पाणीही घ्यायचं नाही. ओढताना मागे वळून बघायचं नाही, हा तर सगळ्यांत मोठा नियम. भगत शुद्ध असला की गाड्या चालतात, नसला की अडतात आणि मग काहीतरी वाईट घडतं, असं गाव मानायचं.

वडील गेल्यावर हा मान तरुण कडूबाकडे आला. सारं गाव त्याच्या पाया पडे आणि तो आतून लटलट कापत असे. या खेपेला चालतील का, हाच विचार वर्षभर. दोर ताणला की पहिलं चाक हलेपर्यंत आपला जीव घशात येऊन बसायचा, असं त्यानेच मला सांगितलं. चाक हललं की लोक आनंदाने ओरडायचे, आणि याला मात्र लगेच पुढच्या वर्षाची धास्ती.

मग एका वर्षी देवळाअलीकडच्या वळणावर गाड्या अडल्या. कडूबाने नाकातून रक्त येईपर्यंत ओढलं, पण चाक हललं नाही. त्याच पावसाळ्यात त्यांचा एकुलता एक मुलगा पुंजाजी पटकीने गेला. कडूबाने मान सोडला, वावर भावाच्या हवाली केलं आणि बायकोला घेऊन खामगाव गाठलं.

आमच्याकडे आधी झुंबरबाई आली. बायकांच्या प्रार्थनेला मागे बसायची आणि पोराचं नाव निघालं की रडायची. बाप्तिस्म्याच्या वेळी नारायणरावांनी विचारलं, विश्वास का धरलास, तेव्हा म्हणाली, "देल्लं, म्या घेतलं." एवढंच. तिच्यामागे कडूबा आला, पण येताना ती भीती तशीच उचलून घेऊन आला. पूर्वी चैत्राची भीती होती, आता भोजनाच्या रविवारची.

पुढे एका वर्षी पावसाने दगा दिला आणि दसऱ्यानंतर मानमोडीची, त्या जीवघेण्या तापाची साथ आली. तशी भीती मी दुष्काळातही पाहिली नव्हती. सकाळी पाणी भरताना बोललेली बाई संध्याकाळी तिरडीवर. जिनिंग बंद, बाजार ओस, खांदा द्यायला माणसं मिळेनात. आमचं प्रार्थनामंदिरही बंद झालं. दारावर कुणी थाप मारली तरी मी कडी काढायला धजत नसे, कारण थाप म्हणजे कुणीतरी गेलेलं.

अशात निरोप आला की झुंबरबाई पडली आहे आणि तिला भोजन हवं आहे. मला जायचं नव्हतं. घरात माझी लहान लेकरं, मला त्यांच्या जिवाची भीती वाटत होती. तरी मी तवा ठेवला, पोळी भाजली, दोन तुकडे केले आणि नारायणरावांच्या मागून निघाले.

दुपारची वेळ होती. खोलीत झुंबरबाई घोंगडीवर पडलेली, श्वास घरघरत होता. कडूबा कोपऱ्यात उकिडवा बसला होता. गाल आत गेलेले. ती आजारी पडल्यापासून त्याने अन्नाला हात लावला नव्हता, असं शेजारीण म्हणाली. देवाने बायकोला वाचवावं म्हणून त्याने पुन्हा व्रत धरलं होतं.

नारायणरावांनी प्रार्थना केली. झुंबरबाईला मी उठवून बसवलं, तिने आपला तुकडा खाल्ला. ताट कडूबापुढे गेलं तसा तो भिंतीला जाऊन चिकटला.

"नाई पाद्रीसाहेब. आज त नाईच."

"आज का नाही?"

"आज तो दंड माह्यावर नाई पडनार. हिच्यावर पडन." त्याने झुंबरबाईकडे बोट दाखवलं. "म्या खाल्लं अन आत काई मळ रायला, त देव हिले नेईन. एक डाव नेलं त्यानं. पुंजाले नेलं."

झुंबरबाईने डोळे उघडले. "पुंजाले काऊन नेलं म्हनता?"

त्याने मान खाली घातली. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "गाड्या अडल्या त्या वर्सी वरत मोडलं होतं म्या. वावरातून आलो, ऊन लागलं होतं. तू पान्याचा लोटा पुढं केला अन म्या पेलो. तुह्या हातचं. म्हनून अडल्या. म्हनून पोरगं गेलं."

मला वाटलं, आता ही बाई ऊर फुटून जाते. पोर आपल्या हातच्या पाण्याने मेलं, असं नवरा इतकी वर्षं मनात धरून बसला होता. मी तिचा हात घट्ट धरला. तिने तो सोडवून घेतला.

"म्हनून माह्यासंगं बोलत नव्हते?"

त्याने गुडघ्यांत डोकं घातलं.

"पुंजाचे बाप," ती म्हणाली, "गाड्या तुम्ही वढतच नव्हते."

त्याने मान वर केली.

"आमी बाया माळवदावरून पायत होतो. मागच्या गाड्याइले सारं गाव खांदा लावे. माहे दोघं भाऊ चाकाले भिडेत. मामंजी वढत तवाही तसंच."

"मले कोनी सांगतलं नाई."

"तुमाले ठाऊक असन असंच वाटे साऱ्याइले. बारा गाड्या अन त्याइच्यावर मानसं. एकटा मानूस वढीन काय?"

"अन त्या वर्सी?"

"त्या वर्सी वाजंत्रीच्या मानावरून खालच्या आळीचे लोक रुसले. हात बांधून उभे रायले. मंग गाड्या अडतीन नाई त काय करतीन?"

नारायणराव ताट धरून तसेच उभे होते. मला वाटलं, आता या माणसाच्या उरावरचं ओझं उतरेल. पण कडूबाचा चेहरा पाहून मीच घाबरले. इतकं भ्यालेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. भीती होती, पण आजवर तिच्यासोबत आपण काहीतरी करतो आहोत हा आधार होता. तोच गेला.

"मंग म्या काय केलं इतके वर्स?" त्याने विचारलं.

"भेले," झुंबरबाई म्हणाली. "भेत रायले."

मग तिने हात लांब करून ताटातला तुकडा उचलला आणि त्याच्यापुढे धरला. पाळकांनी पुढे केलेल्या ताटातून ज्याचं त्याने उचलायचं असतं, असं तिला सांगायला मी तोंड उघडलं, तर नारायणरावांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. आयुष्यात एवढी एक गोष्ट त्यांना माझ्याआधी कळली.

"घ्या. माह्या हातचं हाय."

"तू मेली त?"

"मेली त मानमोडीनं मेली. तुमच्यानं नाई. पुंजाही तुमच्यानं नाई गेला, अन पान्यानं नाई गेला."

"मी साफ नाई, झुंबर."

"मले ठाऊक हाय. त्यालेही ठाऊक हाय. घ्या लवकर, हात दुखते माहा."

तिचा हात खरंच खाली येत होता. कडूबा गुडघ्यांवर सरकत पुढे आला आणि त्याने तो तुकडा घेतला. चावता चावता त्याला हुंदका आला, घास घशात अडला. झुंबरबाईने उशाचा लोटा त्याच्याकडे ढकलला आणि तो तिच्या हातचं पाणी प्यायला.

दोन दिवसांनी ती गेली.

मला जी धास्ती बसली ती सांगता येत नाही. त्याने खाल्लं आणि ती गेली. जे घडेल म्हणून तो जन्मभर भ्याला तेच डोळ्यांसमोर घडलं होतं. पुरताना तो रडला नाही. हा आता जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, नाहीतर कुठेतरी निघून जाईल, असं मला वाटत राहिलं. नारायणराव दोनदा त्याच्या खोलीवर गेले. दोन्ही वेळा तो भिंतीकडे तोंड करून पडलेला होता.

साथ ओसरल्यावर प्रार्थनामंदिर उघडलं आणि भोजनाचा रविवार आला. कितीतरी माणसं कमी झाली होती. मी पोळीचे तुकडे करायला बसले आणि शेवटच्या तुकड्यापाशी सुरी थांबली. झुंबरबाईचा करायचा नव्हता. कडूबाचा करायचा का? परत आलेला तो तुकडा बघायची माझी हिंमत नव्हती. तरी केला.

कडूबा उशिरा आला. अंगण त्याने झाडलं नव्हतं. पायांत चपला होत्या. माझ्या जवळून आत गेला तेव्हा कांद्याचा वास आला, म्हणजे भाकर खाऊन आला होता. मागच्या ओळीत बसला.

ताट फिरत फिरत त्याच्याकडे गेलं. त्याच्या कपाळावर घाम होता, ओठ नेहमीसारखे पांढरे. मी डोळे मिटून प्रार्थना करायला हवी होती, पण मी टक लावून बघत राहिले. त्याने हात पुढे केला. तो इतका थरथरत होता की ताट वाजलं आणि पुढच्या ओळीतल्यांनी मागे वळून पाहिलं. तो घाबरलेलाच होता, आणि घाबरलेलाच असताना त्याने घेतलं, तोंडात टाकलं, चावलं आणि गिळलं.

ताट वेदीवर परत आलं. सवयीने नारायणरावांचा हात उरलेल्या तुकड्यासाठी ताटात गेला आणि रिकामाच वर आला.