गोधडीच्या मापाचा दोरा

आमच्या कुटुंबात हल्ली एक कथा सांगितली जाते, आणि ती खोटी आहे. माझा धाकटा भाऊ ती प्रत्येक लग्नकार्यात, जेवणानंतर पान जमले की सांगतो. कथा अशी की, लालबागच्या आमच्या खोलीत जागा नव्हती म्हणून माझी पत्नी लग्नानंतर गावीच राहिली. पुढे आईला तिची दया आली, आईने वडिलांचे मन वळवले, खोली आवरली आणि सुनेला बोलावून घेतले. या कथेत मी कुठे आहे? "दादा तेव्हा छापखान्यात मुद्रितं तपासत होता," असे तो म्हणतो आणि लोक हसतात. त्या खोलीच्या चारही भिंती मी स्वतःच्या हातांनी कामाला लावल्या. त्यामुळे खरा वृत्तांत लिहून ठेवणे मला भाग आहे.

एक खोली, कोपऱ्यात मोरी आणि बाहेर सामाईक गॅलरी, एवढेच आमचे घर. वडील गिरणीत विणकर. गिरगावातल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक होतो. धाकटा नुकताच गिरणीत बदली कामगार म्हणून लागला होता. शिवाय गावचे दोन चुलत भाऊ होते. त्यांच्या पाळ्या उलटसुलट असल्यामुळे दोघांना मिळून एकच अंथरूण पुरत असे. एक उठला की दुसरा त्याच उबेत निजायचा. या सर्वांचे रांधणारी माझी आई धरून आम्ही सहा माणसे होतो. सातवीला जागा नाही, हा वडिलांचा निकाल होता. लग्न गावी लागले, आणि मी एकटाच मुंबईला परतलो.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे होते. आमच्या चाळीत सकाळ प्रभातफेरीने उजाडत होती आणि संध्याकाळी प्रत्येक जिन्यावर कालच्या सभेची उजळणी होत होती. वडीलही मोर्च्यांत पुढे असत. म्हणून मी एके दिवशी ऐन त्या उत्साहात विषय काढला. त्यांनी तंबाखू मळता मळता उत्तर दिले:

"झिला, मुंबई महाराष्ट्रात येतली तेव्हा येतली. पण तुजी बायल ह्या खोलीत मावची नाय."

"आणि जागा केली तर?"

"जागा काय तुजो छापखानो छापून देतलो?"

धाकटा हसला होता. हे तो आपल्या कथेत सांगत नाही.

शिमग्याला गावी गेलेला चुलत भाऊ परतला, तेव्हा त्याने माझ्या हातावर सुताचा एक गुंडाळलेला दोरा ठेवला. माझ्या पत्नीला तेव्हा अक्षरओळख नव्हती. पण मापाची ओळख होती. सासरी निजण्यासाठी तिने जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवली होती, आणि दोरा त्या गोधडीच्या मापाचा होता: टोकापासून गाठीपर्यंत लांबी, गाठीपासून पुढे रुंदी. भाऊ म्हणाला, "इतकी जागा झाली की बोलवा म्हणान सांगल्यान. जास्त नको म्हणाली." वडिलांनी दोरा बोटांत धरून पाहिला आणि तो खुंटीला अडकवला. "दिवाळीपर्यंत ह्यो दोरो जमनीवर मावलो, तर ती येतली. नायतर गावाकच बरी." मला तेवढे पुरे होते.

आता योजनेविषयी. चाळीतला माणूस जागा म्हणजे जमीन समजतो. तो पायाकडे पाहून म्हणतो, पाय ठेवायला जागा नाही. आणि त्याच वेळी त्याच्या खांद्यापासून छतापर्यंत चारही भिंती रिकाम्या पडलेल्या असतात. हे प्रथम मी ओळखले. आमच्या खोलीतली सर्व जमीन वस्तूंनी अडवली होती: पिठाचा डबा, वळकट्या, चपला, कंदील आणि वडिलांची ट्रंक. मी ठरवले की माणसे तेवढी खाली राहतील. वस्तू भिंतीवर चढतील.

आईच्या दोन विरलेल्या लुगड्यांचा दुहेरी पडदा केला आणि त्याच्या एका बाजूवर कापडी खिसे लावले: फणी, आरसा, औषधाची बाटली, सुईदोरा, वस्तरा, प्रत्येकाला आपला खिसा. पडदा दोरीवर सरकत असे. दिवसा भिंतीशी गोळा, रात्री मधोमध आडोसा. खिशांना शिवण आईने घातली, हे मी कधीही नाकारलेले नाही. परंतु शिवण म्हणजे योजना नव्हे. दाराच्या पाठीमागे गोणपाटाचे मोठे खिसे ठोकले, त्यांत चपला आणि छत्र्या गेल्या. फुटक्या पाटाचे तुकडे काटकोनात जोडून मोरीवर हंड्यासाठी फळी केली.

वडील पहिल्या दिवशीच गरजले, "माजी तमाखू खंय गेली?"

"तिसऱ्या खिशात, बाबा."

"तिसरो खंयचो? डावीकडसून की उजवीकडसून? माजी तमाखू आता पत्तो विचारून शोधूची काय?"

दुसऱ्या दिवशी मी त्या खिशावर लाल ठिगळ लावले. पुढे तक्रार आली नाही.

खरा कसोटीचा प्रसंग खोक्यांचा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात चहाची रिकामी खोकी पडून असत, पातळ लाकडाची, आतून चकचकीत पत्र्याचा कागद लावलेली. चार खोकी मी मागून आणली आणि तोंडे पुढे करून, लाकडी पट्ट्यांच्या आधाराने भिंतीवर ओळीने बसवली. सर्व वळकट्या त्यांत गेल्या. गॅलरीतून जाणारे थांबून पाहू लागले. मी विजयी होतो. पण ते सुख एक रात्र टिकले.

चहाच्या खोक्यात चहा नसला तरी चहा असतोच. सकाळी आमची सर्व पांघरुणे, आणि त्यांत निजलेली सर्व माणसे, सुक्या चहापत्तीचा वास देत होती. वडील शिंकतच गिरणीत गेले. साच्यांवरच्या, म्हणजे मागांवरच्या, मंडळींनी त्यांना दिवसभर सोडले नाही. "काय हो, चहाच्या मळ्यातसून इलास?" "जवळ येव नका, दूध फाटात!" संध्याकाळी वडील दारातूनच म्हणाले, "ती खोकी उद्या चुलीत जातली." आणि खुंटीवरचा दोरा काढून त्यांनी माझ्या पुढ्यात टाकला.

धाकट्याच्या कथेप्रमाणे या ठिकाणी मी हताश झालो आणि आईने सूत्रे हाती घेतली. साफ खोटे. दोष खोक्यांचा होता, कल्पनेचा नव्हता, आणि खोक्यांचा दोष दूर करता येतो. मी एका दिवसाची मुदत मागून घेतली. खोकी गॅलरीत काढली, आतला चकचकीत कागद खरवडला, कडुलिंबाचा पाला घालून उकळलेल्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली आणि आतून चुना मारला. मग छापखान्यातल्या बांधणी खात्यात पाहिलेली खळ शिजवली: मैदा, पाणी, आणि झुरळे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. या खळीने आतून कागद चिकटवायचे होते. पण कागद आणायचा कुठून? त्या वर्षी आमच्या चाळीत रद्दी मिळत नव्हती. लढ्याची बातमी असलेले वर्तमानपत्र कोणी विकत नव्हते, त्यात कोणी चणेसुद्धा बांधून देत नव्हते. शेजारच्या मावशींनी वर्तमानपत्रांची पेटीच पोटाशी ओढून घेतली.

"ह्या बातम्यांका तू खळ लावतलंस?"

"मावशी, तुमच्या पेटीत त्यांना वाळवी लागेल. माझ्या खोक्यात त्या उभ्या राहतील. कधीही या, वाचा."

मावशींनी पेटी उघडली. त्यांनी वर्तमानपत्रे दिली, मग इतरांनीही आणून दिली. सभांचे वृत्तांत, मोर्च्यांची छायाचित्रे, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" असे ठसठशीत मथळे, सर्व काही मी सरळ, वाचता येईल असे लावले. मुद्रितशोधकाच्या हातून मथळा उलटा लागत नाही.

वास गेला. पण विजय वासाने मिळाला नाही. दोन-तीन दिवसांनी मी कामावरून परतलो, तेव्हा वडील पहिल्या पाळीहून येऊन खोक्यापाशी उभे होते. वळकटी काढून खाली ठेवलेली, आणि डोके खांद्यापर्यंत खोक्याच्या आत. ते एकेक अक्षर लावीत मोठ्याने वाचत होते. वाचताना आपण ज्या मोर्च्यात होतो तो सापडला, तेव्हा आतूनच ओरडले, "अरे, हयसर मी होतंय!" मग डोके बाहेर काढून त्यांनी मला पाहिले, किंचित ओशाळले, आणि म्हणाले, "दोरो हाड."

मी दोरा आणून जमिनीवर मांडला. लांबी बसली. रुंदीला चार बोटे कमी पडली, कारण तिथे वडिलांची ट्रंक होती. त्या ट्रंकेला आमच्यापैकी कोणी हात लावत नसे. वडिलांनी ट्रंकेकडे पाहिले, दोऱ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "बघतंस काय? एक कड धर." आम्ही दोघांनी ती उचलून खोक्यांच्या डोक्यावर चढवली. दोरा सरळ पडला.

धाकटा सांगतो की ट्रंक हलवायला आईने लावले. त्या वेळी आई नळावर होती. आमच्या चाळीत पाण्याच्या वेळी कोणतीही बाई घरात सापडत नसे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे; तिला हंडा धरायला तोच गेला होता.

दिवाळीच्या आधी माझी पत्नी बोटीने आली. भाऊच्या धक्क्यावरून आम्ही ट्रामने घरी पोहोचलो. तिने खोलीत पाऊल ठेवले, खोक्यांकडे पाहिले आणि आईला विचारले, "माका त्यात निजूक सांगतलास काय?" आई हसली. मग पत्नीने गाठोडे सोडून गोधडी पसरली, आणि ती कोठेही दुमडली नाही. गुजरात आणि महाराष्ट्राची एकाच द्विभाषिक राज्यात मोट बांधलेलीच होती, मुंबईचा प्रश्न लोंबकळतच होता. पण माझा प्रश्न सुटला होता. महाराष्ट्र राज्याच्या कितीतरी आधी ती लालबागला आली.

दुपारी वळकट्या बाहेर असताना ती खोक्यांत पाहून अक्षरे शिकली. वडील तिला शिकवीत; सून आणि सासरा, दोघांची डोकी दोन खोक्यांत. राज्य झाले त्या दिवशी चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या. आमच्या दारात छापखान्यातल्या कागदाच्या कातरणांचा मी केलेला कंदील होता, आणि त्या उजेडात तिने नव्या वर्तमानपत्राचा मथळा न अडखळता वाचून दाखवला. वडिलांनी त्या कागदाची जपून घडी केली आणि मला म्हणाले, "खळ शिजव."

गेल्या महिन्यात नातवाच्या साखरपुड्यात धाकट्याने पुन्हा तीच कथा काढली. "आईनेच दोरा पाठवायला सांगितलं होतं," इथपर्यंत तो आला होता. मी बोलणार, तोच माझी पत्नी खुर्चीवरून म्हणाली:

"भावोजी, दोरो माजो. आईचो नाय. आणि खोकी ह्येंची."

धाकट्याने पान तोंडात घातले.

"वास पण ह्येंचोच," ती पुढे म्हणाली.

हा उल्लेख अनावश्यक होता. परंतु साक्ष झाली, चारचौघांत झाली, आणि ती कोणी मागे घेतलेली नाही.