पायाला लागलंय, एवढंच

१९९७ साली वरवंडमध्ये हायवेच्या कडेला, पंक्चरच्या दुकानाला लागून इमाम शेखचा एसटीडी बूथ होता. गावात तेव्हा फोन असलेली घरं थोडी. बाकीच्यांनी लग्नपत्रिकेत, नोकरीच्या अर्जात, पाहुण्यांच्या डायरीत इमामचाच नंबर दिलेला, पुढे पी.पी., म्हणजे शेजाऱ्यामार्फत, असं लिहून. फोन वाजला की तो कोणाचाही निरोप असू शके. इमाम तो वहीत उतरवून घेई, वेळ टाकी, बायकोला, मेहरुनला, बूथवर बसवी आणि लुनावरून निरोप स्वतः पोचवून येई.

चांगला निरोप तो लुनावरूनच ओरडून सांगे. मरणाचा निरोप मात्र त्याने कधी सरळ सांगितला नव्हता. रीतच तशी होती. फोन करणाराही 'गेले' असं म्हणत नसे. 'जरा जास्त आहे, माणसं घेऊन या' म्हणे. इमाम त्यातलंही थोडं कमी करी. गेल्या साली हरिबा ट्रकखाली सापडून गेला, तेव्हा त्याच्या घरी जाऊन इमाम एवढंच म्हणाला होता की पायाला लागलंय, ॲडमिट केलंय, चला. पुण्याला पोचेपर्यंत तरी त्याची बायको भागुबाई धीर धरून राहील, एवढाच हेतू.

एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला दौंडहून सत्यजीतचा फोन आला. त्याचे चुलते कोंडिबा बाजाराला गेले होते, तिथे सायकलवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, तिथल्याच सरकारी दवाखान्यात ठेवलंय. चुलतीला घेऊन या आणि कपडे आणा, एवढं बोलून त्याने फोन ठेवला. इमामने वहीत लिहिलं आणि लुनाला किक मारली.

कोंडिबाची बायको साखरबाई वस्तीवर भागुबाईबरोबर कांदा निवडत बसली होती. इमामने लुना बंदसुद्धा केली नाही.

"वहिनी, सत्यजीतचा फोन हुता. कोंडिबा सायकलवरनं पडलेत. पायाला लागलंय, ॲडमिट केलंय. घाबरायचं काय न्हाई. कपड्यांचा एक जोड घ्या आन् चला."

साखरबाई उठायला लागली. तेवढ्यात भागुबाईने हातातला कांदा खाली ठेवला.

"व्हय इमामभाई," ती म्हणाली. "पायालाच लागलंय. आमच्या मालकांच्या पन पायालाच लागलं हुतं."

साखरबाई होती तिथेच खाली बसली.

काय घोटाळा झाला ते इमामला कळलं. "वहिनी, अल्लाची शपथ, खरंच पायाला लागलंय."

"तवा न्हाई घेतली शपथ," भागुबाई म्हणाली.

"तवा तुम्ही विचारलंच न्हाई."

"इचारायला सुचत हुतं व्हय मला?"

साखरबाई रडत नव्हती. कांद्याच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "मला दौंडला कशाला न्यायचं मग? हितंच आणा त्यास्नी."

कोंडिबा गेल्याची बातमी चार घरांत जायला वेळ लागला नाही. वस्तीचा कारभार बघणारे बापूसाहेब जीप घेऊनच आले. लगोलग हिशेब मांडला: कवठे येमाईच्या पाहुण्यांना कळवायचं, मग पुण्याला अनिताला. अनिता म्हणजे साखरबाईची लेक. तिचे दिवस भरत आले होते.

"अनिताला फोन लावू नका बापूसाहेब," इमाम म्हणाला. "पोरगी हाय खाईल, तिचा जीव जाईल. आन् माणूस जिता हाय."

"आसंल. पर इमाम, तू आसंच म्हणतोस कायम."

इमाम साखरबाईसमोर उकिडवा बसला. "वहिनी, बूथवर चला. मी तुम्हाला त्यांचा आवाजच ऐकवतो. मग काय ते ठरवा. तवर कुणाला कळवू नका, येवढं माझं ऐका."

तिने मान हलवली. जीप बूथवर आली. बापूसाहेब पाहुण्यांच्या नंबरांची चिठ्ठी हातात धरून काचेबाहेर उभे राहिले. इमामने डिरेक्टरीत हॉस्पिटलचा नंबर काढून लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. असं चारदा झालं. पाचव्यांदा सिस्टरने उचलला.

"पेशंटला फोनवर आणता येणार नाही," ती म्हणाली.

"आणता येणार न्हाई?" इमामच्या तोंडून ते मोठ्याने निघालं. भागुबाईने साखरबाईच्या खांद्याला धरलं. बापूसाहेबांनी चिठ्ठी उघडली.

इमाम फोन दोन्ही हातांत धरून वाकला. "सिस्टर, हात जोडतो. हितं माणसं मातीच्या तयारीला लागलीत. चाकाच्या खाटेवर घालून आणा, कसंबी करा, पर त्यांना बोलतं करा."

मग सिस्टर म्हणाली, "थांबा." कुठेतरी चाकं कुरकुरली, कुणीतरी विव्हळलं. मीटरवरचे लाल आकडे पळत होते आणि इमाम त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हता. एकाएकी त्याने फोन साखरबाईच्या कानाला लावला.

"कोन हाय?" कोंडिबाचा आवाज एवढा मोठा होता की काचेबाहेर बापूसाहेबांनाही ऐकू गेला.

साखरबाईने विचारलं, "सकाळी काय खाऊन गेला तुम्ही?"

"काय खाऊन? तू दिलंस का काय? शेळ्यांवरनं भांडलीस, नुसत्या चहावर निघालो. तवाच चक्कर आली न् पडलो. आन् आता हे इचारायला खाटेसकट वढून आणलंस व्हय मला?"

मेहरुन पदरात तोंड घालून हसायला लागली. भागुबाई हसली, हसता हसता डोळे पुसले. साखरबाई फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून नुसती "व्हय, व्हय" म्हणत होती. बापूसाहेबांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि घसा साफ केला. "मी म्हणलंच हुतं, आधी चौकशी करा म्हणून."

"तुम्ही म्हणला हुता?" मेहरुन म्हणाली.

"मनात म्हणलं हुतं."

जीप दौंडच्या वाटेला लागायच्या आधी भागुबाई मागे वळली. इमाम दारात उभा होता.

"इमामभाई, त्या दिवशी जीपमधी मी पुण्यापतुर देवाला पायच मागत हुते," ती म्हणाली. "म्हणलं, लंगडा झाला तरी चालंल. पोचल्यावर कळलं. आधी सांगितलं आसतं तर वाटंत रडून तरी घेतलं आसतं."

इमामने मान खाली घातली.

दोन महिन्यांनी इनामगावहून फोन आला. बापूसाहेबांच्या आत्याबाई वारल्या होत्या. फोनवरचा माणूस म्हणत होता, जरा जास्त आहे म्हणून सांगा. इमामने मात्र कधी, कसं ते खोदून विचारलं आणि वहीत होतं तेच लिहिलं. वस्तीवर गेल्यावर त्याने लुना बंद केली, स्टँडला लावली आणि ओट्यावर बापूसाहेबांच्या शेजारी जाऊन बसला.

"आत्याबाई गेल्या," तो म्हणाला. "सकाळी सहाला. मातीला तुमची वाट बघत्यात."

बापूसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "लई हाल झाले का?"

"न्हाई. झोपंतच."

"बरं झालं," बापूसाहेब म्हणाले आणि सुनेला हाक मारून इमामला पाणी द्यायला सांगितलं.

इमाम पाणी प्यायला. इतक्या वर्षांत मरणाचा निरोप सांगून असा शांतपणे तो कोणाच्याच ओट्यावर बसला नव्हता.