सोमवारी लाईन ठीक असते

गुरुदास लाइनमनला दोन गोष्टींची मनापासून शिसारी होती. एक, वाळत घातलेल्या मोरी माशाचा वास. मोरी ताजी असली की तिचं तिखट कालवण तो ताट पुसून खायचा. पण तीच मिठात मुरवून, पट्ट्या कापून उन्हात टांगली की तो वाट बदलून जायचा. आणि दुसरी, ‘नेट चालत नाही’ ही तक्रार.

सव्वीस वर्षं तो टेलिफोन खात्यात होता. काळ्या डबड्या फोनपासून सगळं त्याच्या हातून गेलेलं. फोन बंद पडला तर तो का पडला हे त्याला खांबाखाली उभं राहून कळायचं. माडाची झावळी पडली, माकडांनी वायर ओढली, खाऱ्या हवेने जोड गंजला, यातलं काहीतरी एक असणार. वायर सोलायची, पीळ द्यायचा, टेप मारायची, हॅलो म्हणायचं, सायकलवर टांग मारायची. मग हे ब्रॉडबँड आलं आणि त्याच्या कामाची रयाच गेली. लोक सांगायचे, दिवा लुकलुकतो. अरे, लुकलुकतो तर मी काय करू? मोडेमच्या त्या चपट्या डबीकडे बघितलं तरी त्याचं तोंड वाकडं व्हायचं.

त्यातून कुणकेश्वरच्या अलीकडे, समुद्राला लागून असलेल्या खालच्या वाडीतली रामचंद्र तांडेलाची तक्रार म्हणजे कहरच. २००८ सालच्या थंडीत ती पहिल्यांदा वहीत चढली. ‘शुक्रवारी दुपारी बारा वाजता ऑनलाईन बुद्धिबळात लॉगिन होत नाही.’ गुरुदासने ते वाचलं आणि वही मिटली. खेळ! ज्याने उभा जन्म होडीवर काढला, तो सत्तरीला आलेला म्हातारा संगणकावर खेळ खेळणार, आणि तो लागत नाही म्हणून गुरुदासने खांब चढायचे.

खालच्या वाडीला जायचा त्याचा वार सोमवार. त्या सोमवारी तो सकाळी गेला, रिसीव्हर कानाला लावला, वायरीवरून नजर फिरवली, सगळं चोख. डबीवरचा दिवाही स्थिर. त्याने वहीत लिहिलं, ‘लाईन ओके.’ पुढच्या शुक्रवारी तक्रार परत. सोमवारी परत ओके. असं पाचदा झालं. पाचव्या वेळी त्याने तांडेलाला तोंडावर सुनावलं की बिघाड लाईनमध्ये नाही, तुमच्या खेळात आहे, आणि या वयात तो बंद केलात तर माझ्यावरही उपकार होतील. रामचंद्र घरापुढच्या खळ्यात बसून समुद्राकडे बघत राहिला. त्याचं ते बघणंसुद्धा गुरुदासच्या डोक्यात गेलं.

तांडेलाची मुलगी प्रियांका तालुक्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. हे बुद्धिबळाचं जुळवून आणलं होतं तिनेच. करायचं ते तिने सगळं करून झालं होतं. हेल्पलाईनवरचा माणूस सांगायचा, डबी बंद करा, दोन मिनिटं थांबा, चालू करा. मग सांगायचा, पासवर्ड बदला. मग, दुसऱ्या ब्राउझरमधून जा. मग, तुमच्याकडे व्हायरस आहे. तिने डबी बदलून पाहिली, वायर बदलली, क्लासमधून दुसरा संगणक आणून लावला. शुक्रवार सोडला तर रोज दिवसभर ती क्लासमध्ये, त्यामुळे घरात संगणक लागायचा तो शुक्रवारी दुपारी, आणि रोज रात्री. रात्री एकदम झकास. शुक्रवारी बारानंतर मात्र पडद्यावर ते चाक गरगरत बसायचं आणि शेवटी यायचं, सर्व्हरशी संपर्क होत नाही, पुन्हा प्रयत्न करा.

पाचव्या आठवड्यात, गुरुवारी, ती गुरुदासच्या घरीच येऊन थडकली. त्याच्या बायकोने दिलेला चहा हातात तसाच धरून तिने सगळं सांगितलं.

तिचा भाऊ सर्वेश मस्कतला. सहा वर्षांपूर्वी त्याने बापाला सांगितलं होतं की मला होडीवर यायचं नाही, मी चाललो. रामचंद्र तेव्हा जेवत होता. तो ताटावरून उठला आणि बंदरावर निघून गेला, आणि मुलगा गाडीत बसेपर्यंत परतलाच नाही. त्याचं हे जुनंच. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की बापलेक खळ्यात बुद्धिबळ मांडायचे, आणि डाव हातचा जायला लागला की रामचंद्र उठून जायचा. हरलो असं त्याने कधी म्हटलं नाही. सहा वर्षं दोघांत एक शब्द नव्हता. प्रियांकाने दोघांना वेगवेगळं पटवून, बोलू नका पण खेळा तरी, असं म्हणून शुक्रवार ठरवला होता, तिकडची सुट्टी. आणि पाच शुक्रवारांत काय झालं? एकदा लॉगिनच झालं नाही. बाकीच्या वेळी झालं, पण डाव जरा रंगात आला की लाईन तुटायची. त्या खेळाचा नियम असा की दोन मिनिटांत परत आलं नाही, तर समोरच्याला पाटी दिसते : तुमचा प्रतिस्पर्धी खेळ सोडून गेला.

प्रियांका म्हणाली, “मी दादाक सांगलंय, लाईन जाता. तो म्हणता, बाबांची लाईन हरताना बरी जाता. उद्याचो डाव शेवटचो म्हणान लिवल्यान. काका, सोमवारी येव नकात. उद्या बारा वाजता येवा.”

गुरुदासला तिची दया आली, पण त्याहून जास्त राग आला. लोकांच्या घरची भांडणं मिटवायला खात्याने मला पगार दिला नाही, असं तो बायकोला दोनदा म्हणाला. शुक्रवारी मात्र अकरा वाजताच सायकल काढली.

वाडीत शिरला आणि नाकात तो वास भसकन गेला. मोरी. तोंडाला रुमाल बांधून तो तांडेलाच्या घरी पोचला. आत रामचंद्र स्वच्छ धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसलेला. पडद्यावर चाक गरगरत होतं. डबीवरचा दिवा पेटत होता, विझत होता, पेटत होता. गुरुदासने फोन उचलला. कानात भरपूर खरखर. खरखरीची तक्रार या वाडीत कोण करतो? ओरडून बोलायची सगळ्यांना सवयच. त्याने रिसीव्हर आपटला आणि वायर धरून बाहेर आला.

घरापासून खांबापर्यंत वायर चाळीस-पन्नास हात. मधे ती शेजारच्या सुगंधाच्या खळ्यावरून जात होती. आणि तिथे बघतो तर काय, वायर पार माणसाच्या छातीपर्यंत लोंबलेली, आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोरीच्या ओल्या पट्ट्या. पाणी ठिबकतंय, माशा घोंगावतायत, कावळा पट्टी ओढतोय, त्याच्या प्रत्येक ओढीसरशी वायर झोके घेतेय. सुगंधा टोपलीतून आणखी पट्ट्या काढून टांगत होती. तिच्या पुढच्या खळ्यातही तेच, त्याच्या पुढेही तेच. अख्ख्या वाडीने सरकारी वायरीची मासळी वाळत घालायची वलण करून टाकली होती.

सोमवारी यातलं काहीच का दिसलं नाही, ते त्याला तिथल्या तिथे उमगलं. सोमवार शंकराचा. कुणकेश्वराच्या पंचक्रोशीतल्या या वाडीत सोमवारी कोणी मासळीला हात लावत नाही. रोज दवापायी तिन्हीसांजेला घरात घेतलेली मासळी रविवारनंतर थेट मंगळवारीच बाहेर येते. गुरुदास स्वतः सोमवारी अंडंसुद्धा खात नसे. दर सोमवारी तो एका धुतलेल्या, रिकाम्या, देवाच्या वाडीत येत होता आणि ओके लिहून जात होता.

गुरुदासच्या तोंडाला मग कसलाच धरबंध राहिला नाही. वास, माशा, अक्कल, सगळं त्याने काढलं. पाच आठवडे माझी पायपीट चालली आहे आणि तुम्ही इथे घाण टांगून बसलाय, तुम्हाला फोन कशाला हवेत, ढोल वाजवा. सुगंधाने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पंचाहत्तरीची बाई, तिने याला खाकी चड्डीत शाळेत जाताना पाहिलेलं. ओले हात लुगड्याला पुसत ती म्हणाली, “गुरुदासा, तूच सांगलंस मां रे, काय व्हया तां घाला म्हणान. आपलो शर्ट काढून घातलंलस हयसरच.”

गुरुदासला तो दिवस आठवला.

नव्व्याण्णव साल. वाडीत पहिली वायर ओढली तेव्हा बायका तिच्याखालून जायला तयार नव्हत्या. शॉक लागेल, घर पेटेल. सुगंधा तर खांबाला मिठी मारून बसली होती. तेव्हा गुरुदासने अंगातला शर्ट काढून वायरीवर वाळत घातल्यासारखा टाकला आणि बनियनवर सगळ्यांसमोर उभा राहिला. बघा, ह्यात करंट नाय, कपडे सुकवलास तरी चलात. वाडी हसली, कोणीतरी शहाळं सोलून दिलं, आणि ती गंमत त्याने घरी जाऊन रंगवून सांगितली. नऊ वर्षं लोक त्याच्या शब्दावर वायर वापरत होते. त्याला मोरीची आली नव्हती इतकी शिसारी त्या क्षणी स्वतःची आली.

बाराला दहा कमी होते. त्याने रुमाल सोडला आणि दोन्ही हातांनी पट्ट्या उतरवायला सुरुवात केली. थंड, बुळबुळीत, कोपरापर्यंत ओघळणाऱ्या. उमासे येत होते, पण सुगंधाला तो हात लावू देईना. मग शिडीवर चढला. खांबाजवळचा जोड ओझ्याने ओढून ओढून एका तारेवर राहिला होता. कापला, सोलला, पीळ दिला, टेप मारली, वायर ताणून बांधली. खालून प्रियांकाने हाक दिली की दिवा थांबला. बारा वाजून सहा मिनिटं झाली होती.

पडद्यावर सर्वेशचं नाव अजून हिरवं होतं. डाव सुरू करण्याआधी गुरुदास दारातूनच म्हणाला, “बाय, त्येका लिव. पाचय येळा चूक लाइनमनची. तांडेल उठाक नाय होतो.”

प्रियांकाने लिहिलं. तिकडून फक्त पांढरं प्यादं दोन घरं पुढे आलं.

गुरुदासने जायला हवं होतं. हात धुवायला हवे होते. पण तो उंबऱ्यावर बसून राहिला. त्याला बुद्धिबळातलं फारसं कळत नव्हतं. म्हाताऱ्याच्या मानेवरून मात्र सगळं कळत होतं. पहिली वीस मिनिटं मान ताठ. मग ती पुढे झुकली. वजीर गेला तेव्हा रामचंद्रने मांडीवर मूठ आपटली. पुढे हत्ती गेला. त्याचा श्वास दारापर्यंत ऐकू यायला लागला. प्रियांका नखं खात उभी.

मग रामचंद्रने खुर्ची मागे सरकवली. अर्धवट उठला. त्याचा उजवा हात पडद्यामागे, त्या चपट्या डबीच्या बटनाकडे गेला.

“लाईन गेली म्हणान लिव त्येका,” तो मुलीला म्हणाला.

प्रियांका हलली नाही. गुरुदास जागेवरूनच, अगदी हळू बोलला, “तांडेलानू, लाईन चालू आसा.”

रामचंद्रने त्याच्याकडे असं बघितलं की होडीवर असता तर याला पाण्यात फेकला असता. बोट बटनावर तसंच होतं. बाहेर सुगंधा कावळ्याला हाकलत होती. बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याने हात मागे घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि बसला. उरलेल्या सात चालींत त्याचा राजा कोपऱ्यात गेला आणि मेला. तो डोळे न हलवता बघत होता.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मालवणी उमटलं. प्रियांकाने ते मोठ्याने वाचलं. “बाबानू, आज उठलास नाय.”

रामचंद्रने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. “लिव,” तो म्हणाला. “मी हरलंय.” मग पडद्याकडे बोट करून म्हणाला, “आणि म्हणाचा, दुसरो डाव मांड.”

गुरुदास उठला. सुगंधाच्या खळ्यात दोन माडांना त्याने सुंभाची दोरी बांधून दिली, ताणून पाहिली, आणि उतरवलेली मोरी तिच्यावर एक एक करून आपल्याच हाताने परत वाळत घातली.