बगळ्याची सहा घरं

डेस ट्रेलोर चाळीस वर्षं पोर्ट ॲडलेडच्या धक्क्यावर होड्यांवर नावं रंगवायचा. तो साठीला टेकला तेव्हा अक्षरं कापून देणारी यंत्रं आली. कागद सोलायचा, नाव चिकटवायचं, संपलं. डेसने ब्रश धुऊन ठेवले आणि कुणाच्या तरी ओळखीने आमच्याकडे आला. बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही शाळांसाठी सीडी बनवायचो. मी प्रोग्राम लिहायचे, तो कर्सर काढायचा.

आमच्या सीडीत साधा बाण नसायचा. माऊस हलवला की पडद्यावर खेकडा चालायचा, नाहीतर मासा शेपटी मारायचा. सोळा घरं आडवी, सोळा उभी, एवढ्याशा जागेत आठ चित्रं रंगवायची. ती भराभर फिरली की प्राणी जिवंत होतो. बाकीचे या कामाला नाकं मुरडायचे. डेस मात्र रंगाऱ्याची हाताखाली धरायची काठी घेऊन यायचा आणि तिच्यावर मनगट टेकवून माऊस चालवायचा. मी हसले तर म्हणाला, "पोरी, डुलणाऱ्या होडीवर सरळ रेघ मारलीय मी. तुझं टेबल निदान जागेवर तरी उभं राहतं."

त्या सॉफ्टवेअरची एक खोड होती. एखाद्या घराला अगदी शुभ्र रंग दिला की तिथे भोक पडायचं आणि मागचं चित्र दिसायचं. म्हणून पांढऱ्या प्राण्याला शेजारचा, किंचित मळका पांढरा द्यायचा. "सगळ्यात शुभ्र तोच सगळ्यात पोकळ," डेस म्हणायचा. "आमच्या पाद्रीबाबासारखा."

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये त्याच्या पेंग्विनच्या पोटाला भोक निघालं. आतून समुद्र दिसत होता. पुढच्या आठवड्यात आणखी दोन प्राण्यांचं तेच. मग मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून पडद्याकडे बघत होता. माझ्या आईच्या नजरेत मधोमध असाच डाग आला होता, त्यामुळे मला ओळखायला वेळ लागला नाही.

मी कुणाला काही बोलले नाही, त्यालाही नाही. कंपनीच्या मालकिणीला कळलं असतं तर त्याचं हे दुसरं कामही गेलं असतं. तो दुपारी खालच्या बेकरीत खायला पेस्टी आणायला गेला की मी त्याची चित्रं उघडायचे, भोकं बुजवायचे, बंद करायचे. आठ महिने हे चाललं. मोठं पुण्य करतेय असं वाटायचं मला.

शेवटची सीडी खारफुटीतल्या पक्ष्यांची होती. तिच्यातला बगळा डेसने फ्लॉपीवर घरी नेला आणि तीन आठवडे लावले. परत देताना म्हणाला, "हा नीट बघ. मी आणि टेगनने केलाय." टेगन म्हणजे त्याची नऊ वर्षांची नात. "छान," मी म्हटलं आणि तो जिना उतरल्यावर फ्लॉपी उघडली. पंख पसरलेल्या तीन चित्रांत टोकाशी दोन-दोन घरं शुभ्र होती. मी सहाही बुजवली आणि त्याच फ्लॉपीवर ठेवून दिली. विचारसुद्धा केला नाही, हाताला सवयच लागली होती.

सीडी छापून आली त्या शनिवारी मी ती घेऊन त्याच्या घरी गेले. टेगन कॉम्प्युटरपुढे बसली, डेस तिच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"पंख उघडला का?"

"उघडला."

"टोकाला पिसांमधून आभाळ दिसतंय ना?"

"नाही आजोबा. सगळं पांढरंच आहे."

"नीट बघ."

"बघतेय ना. आपण ठेवलेली भोकं नाहीयेत."

डेसने तिरकी मान माझ्याकडे वळवली. "बगळा उडताना पिसं फाकतात. ती सहा घरं मी मुद्दाम रिकामी ठेवली होती. टेगन पडद्यावरचा रंगाचा आकडा वाचायची, मी घरं मोजायचो."

"मला वाटलं, चुकून राहिली असतील."

"तसं का वाटलं तुला?"

"आधीही राहायची. मी बुजवायचे."

"कधीपासून?"

"पेंग्विनपासून."

"कुणी काही म्हणत नव्हतं," तो म्हणाला, "म्हणून मला वाटायचं, अजून जमतंय."

"आजोबा, पुन्हा करू या ना आपण," टेगन म्हणाली.

"नको, राणी."

सोमवारी तो आला नाही. त्याची काठी द्यायला गेले तर दारातूनच म्हणाला, "ठेव तुलाच. तुझा हात चांगला स्थिर आहे." चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर त्याने ब्रश काय, माऊस काय, कशालाच हात लावला नाही.

पाच वर्षांनी डेस गेला. दफनानंतर चहाच्या वेळी टेगन माझ्याजवळ आली. "आजोबांचा बगळा आहे का गं तुझ्याकडे? भोकांचा, आमचा?"

"बघते," मी म्हटलं.

घरी येऊन जुनी फ्लॉपी लावली. ती सहा घरं मला तोंडपाठ होती. एकेक शुभ्र केलं आणि बगळा चालू केला. पंख पसरला, पिसांतून आभाळ दिसलं. कुणालाही फरक कळला नसता. पण या वेळी घरं मी मोजली होती, त्या दोघांनी नाही. मी टेगनला फोन केला आणि सांगितलं की तो बगळा मी तेव्हाच पुसून टाकला होता.