लूबीची जीभ

अँटिगा बेटावर कुठे पोहावं आणि कुठे जेवावं, हे ज्याला नीट ठरवायचं असे तो एव्हरार्ड लूबीला विचारी. लूबीने एकोणतीस वर्षं बंदरापासून ग्रेप बेच्या शेवटच्या थांब्यापर्यंत मिनीबस हाकली होती. निवृत्त झाल्यावरही तो थांब्यावरच्या बाकावर बसलेला असे, आणि त्याची यादी तोंडपाठ असे.

"ग्रेप बेला नवाच्या आत पोहून घ्या, मग मिस आयँथीकडे रताळ्याचा डुकाना आणि बाहेरून येणारा खारवलेला कॉड मासा. पोरंबाळं असतील तर पार्सन्सला जा, गुडघाभर पाणी, तळ दिसतो. तिथे फेरिसकडे बकऱ्याचा रस्सा. लिटल डीपला पाण्यात पायसुद्धा घालू नका, खालून ओढ आहे. पण रस्त्यापलीकडे मक्याच्या पिठाची फंजी मिळते, ती गरम असतानाच खा."

बाहेरून आलेली माणसं लिहून घेत, गावातली मान डोलावत. केवढा दर्दी माणूस! आता यात कुणाच्या लक्षात न आलेली एक गंमत होती. चारही बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावरच्या त्या यादीत ताजा मासा औषधालाही नव्हता. लोकांना वाटे ही आवडीची यादी आहे. खरं तर ती भीतीची यादी होती. जिथे आपण मरणार नाही अशी ठिकाणं लूबीने एकेक करून शोधून काढली होती, एवढंच.

भीतीला कारण होतं. एकतीस वर्षांपूर्वी, ईस्टरच्या रविवारी, त्याच्या आईने मोठा मासा आणला. ही मिस ऑलिव्ह म्हणजे जुन्या वळणाची बाई, तिला सगळ्या परीक्षा ठाऊक. माशी बसते का पाहिलं, बसली. पातेल्यात चांदीचं नाणं टाकलं, काळं पडलं नाही. शेवटी शेपटीकडचा तुकडा मांजराला घालून ती दोन तास थांबली. मांजराने अंग चाटलं आणि ते उन्हात पसरलं. मग मायलेक जेवले. लूबीची बायको दोन वर्षांच्या वर्लीनला घेऊन माहेरी गेली होती, म्हणून त्या दोघी वाचल्या.

उत्तरेकडच्या खडकांवरच्या शेवाळातून बारक्या माशांत, बारक्यांतून मोठ्यांत, असं ते विष साठत जातं. त्याला वास नाही, चव नाही, आणि शिजवून ते मरत नाही. संध्याकाळी लूबीच्या ओठांना मुंग्या आल्या. रात्री त्याने नळाखाली हात धरला आणि तो किंचाळला. गार पाणी उकळत्यासारखं भाजत होतं. दात हिरड्यांत सैल झालेत असं वाटत होतं, आणि एकही सैल झालेला नव्हता. चौथ्या दिवशी आईचं हृदय थांबलं. मांजर पुढे नऊ वर्षं जगलं.

डॉक्टरांनी सहा महिने मासा बंद सांगितला होता. सहा महिने संपले तरी लूबीचा हात माशाकडे जाईना. पण कोळ्यांच्या गावात मासा न खाणारा गडी म्हणजे लोकांना आयती करमणूक. "लूबीला बाटलीने दूध पाजा रे!" अशा आरोळ्या बसच्या मागच्या सीटवरून येऊ लागल्या. मग त्याने एक युक्ती काढली. ताट घ्यायचं, घास तोंडाजवळ न्यायचा, रुमालाने तोंड पुसायचं आणि घास रुमालात. जबडा मात्र हलवत राहायचा. गाव म्हणालं, लूबी बरा झाला.

पुढचं गावानेच केलं. तिथे सगळे मानतात की ज्याला एकदा विष बाधलं त्याच्या जिभेला पुढच्या वेळी घासभरातच कळतं, आणि ते फारसं खोटं नाही. त्यामुळे संशयाचा प्रत्येक मोठा मासा लूबीकडे येऊ लागला. लूबी समुद्राकडे तोंड करून चावल्यासारखं करी, रुमाल खिशात घाली आणि सांगे, "नाही."

नेहमी नाहीच. कोळी शिव्या घालत, पण मासा फेकून देत. लूबीच्या जिभेमुळे गावात एकतीस वर्षांत कुणाला विषबाधा झाली नाही, असं पाद्री प्रवचनातसुद्धा सांगत. लूबी मागच्या बाकावर खाली मान घालून ऐके. नाही म्हणायला आपलं काय जातं, असं तो मनाशी म्हणे, आणि त्यात काही चूकही नव्हती. लबाडी होती, पण ती माणसं जगवणारी होती. एका रविवारपर्यंत.

वर्लीन आता तेहतीस वर्षांची होती. तिची आई कधीच इंग्लंडला कामाला गेली आणि तिकडचीच झाली, तेव्हा पोरीला बापानेच वाढवलं. अकरा वर्षं हॉटेलच्या मुदपाकखान्यात राबून तिने ग्रेप बेच्या टोकाला स्वतःची टपरी उभी केली होती. निळा रंग, सहा बाकं, समोर समुद्र. जूनमधल्या सुट्टीच्या सोमवारी उद्घाटन, चाळीस माणसांना आवतण. आदल्या संध्याकाळी कटी पॅरिस नावाच्या कोळ्याने तिला वीस पौंडांची लालभडक तांबोशी आणून दिली.

"बघा तरी डॅडी! ही ताटात नसेल तर उद्या काय, लोकांना कोंबडी घालू?"

"कोंबडीला काय झालं?" लूबी म्हणाला. "कुठली म्हणतो तो?"

"दक्षिणेची. तिकडचा मासा सहसा बाधत नाही."

"फार मोठी आहे."

"झालं सुरू. अजून बोटसुद्धा लावलं नाहीत आणि 'नाही' ओठांवर तयार." वर्लीनने पाठीकडचा एक तुकडा तळून बशीत त्याच्यापुढे धरला. "हे बघा, तुमच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. नाही म्हणालात तर आत्ता समुद्रात फेकते. पण चाखून म्हणा. एवढंच मागते."

लूबीने तुकडा उचलला, समुद्राकडे वळला, जबडा हलवला. रुमाल खिशात गेला. वळून पाहतो तर पोरगी झारा छातीशी धरून उभी. शाळेच्या निकालाच्या दिवशी, तो प्रगतिपुस्तक उघडत असताना, ती अशीच श्वास रोखून उभी राहायची.

"चांगली आहे," लूबी म्हणाला.

हे आपणच बोललो हे त्याला क्षणभर कळलंच नाही. वर्लीनने त्याला मिठी मारली, झारा त्याच्या पाठीवर आपटला, आणि आता शब्द मागे घेणं म्हणजे एकतीस वर्षं मागे घेणं होतं. घरी जाताना तो स्वतःची समजूत काढत राहिला. दक्षिणेची आहे. शंभरांत एखादीच वाईट निघते. आणि आपण घाबरट आहोत, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

सकाळी तो टपरीवर पोचला तेव्हा वर्लीनचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं?"

"पोट बिघडलंय रात्रीपासून. उद्घाटनाची धास्ती, दुसरं काय."

"त्यातलं काही खाल्लंस का?"

"पाहुण्यांच्या आधी मी जेवेन होय? जा, किनाऱ्यावर फिरून या. तुमचं तोंड बघून गिऱ्हाईकं पळतील."

ती नाही म्हणाली हे ऐकून लूबीच्या जिवात जीव आला. तरी पाय आपोआप होड्यांकडे वळले. कटी पॅरिस होडी वाळूवर ओढत होता.

"काय लूबी अंकल! शेवटी एकदा हो म्हणालात! मी तर बायकोला सांगितलं, जगबुडी जवळ आली."

"कटी, तांबोशी कुठे लागली?"

"दक्षिणेला."

"माझ्याकडे बघून सांग."

कटी दोरीची गाठ सोडू लागला. गाठ सुटलेलीच होती. "आता असं बघा, दक्षिणेलाच निघालो होतो. इंजिन बंद पडलं. प्रवाहाने वर उत्तरेला नेलं, त्या बुडालेल्या जहाजाच्या खडकापर्यंत. रिकाम्या हाताने कसा येऊ? पण तुम्ही चाखलीत ना! शिवाय मी आमच्या मांजराला घातली होती. मांजर ठणठणीत आहे."

ठणठणीत मांजर लूबीने एकदा पाहिलं होतं. तो वळला आणि टपरीकडे धावत सुटला. सहासष्टाव्या वर्षी माणूस वाळूत धावत नाही, पडतो. लूबी दोनदा पडला. टपरीपुढची गर्दी त्याला लांबून दिसत होती, सगळ्यांच्या हातात ताटं, सगळ्यांच्या माना खाली. पाद्री प्रार्थना म्हणत होते. देवाची कृपा की पाद्रींची प्रार्थना कधीच लवकर संपत नसे. ऐकताना ज्याला आजवर शंभरदा जांभया आल्या, तोच लूबी आज ती आणखी लांबावी म्हणून धावता धावता विनवणी करत होता.

"आणि ज्या हातांनी हे अन्न रांधलं..." पाद्री म्हणत होते.

"खाऊ नका!" लूबी ओरडला. "कुणी खाऊ नका! ताटं खाली ठेवा!"

चाळीस डोकी वर झाली. वर्लीन फळीमागून बाहेर आली. ती पांढरीफटक पडली होती.

"डॅडी, हे काय चाललंय?"

"मासा उत्तरेच्या खडकावरचा आहे. कटीने आत्ता सांगितलं."

"पण तुम्ही चाखलात. माझ्यासमोर."

आता दोन भीती समोरासमोर उभ्या होत्या, विषाची आणि पितळ उघडं पडण्याची, आणि कोणती मोठी ते लूबीला खरंच ठरवता येईना. मग मिस आयँथीची नात काट्याने घास उचलताना त्याला दिसली. त्याने खिशात हात घालून रुमाल काढला आणि सगळ्यांसमोर उलगडला. तांबोशीचा वाळलेला तुकडा बाकावर पडला.

"मी चाखला नाही. काल नाही, आणि आधीही कधीच नाही. एकतीस वर्षं मी ताज्या माशाला तोंड लावलेलं नाही. तुम्ही जे जे आणलंत ते सगळं असंच रुमालात गेलं. मला भीती वाटते. तेव्हाही वाटायची, आत्ताही वाटते."

मागून एकजण म्हणाला, "म्हणजे माझा तो बावीस पौंडी मासा..." आणि त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं.

मिस आयँथीने नातीच्या हातातलं ताट काढून घेतलं. "तरीच," ती सावकाश म्हणाली. "इतक्या वर्षांत माझ्याकडे खारवलेल्या कॉडशिवाय काही मागितलं नाहीस. मला वाटायचं, माझ्या हाताला चव आहे."

"आहे ना," लूबी म्हणाला.

एकेकजण आपलं ताट कचऱ्याच्या पिंपात रिकामं करू लागला. एकाही माणसाने घास घेतलेला नव्हता. लूबी मनातल्या मनात पुनःपुन्हा तेच म्हणत होता, एकानेही नाही, एकानेही नाही. आता वर्लीन शिव्या देईल, हाकलून देईल, हयातभर बोलणार नाही. चालेल. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

पण तिने बाकाचा आधार घेतला होता.

"पाणी द्या," ती म्हणाली.

बाटल्या बर्फाच्या टबात ठेवल्या होत्या. लूबीने एक काढून तिच्या हातात दिली. वर्लीन किंचाळली. बाटली वाळूत पडली.

"उकळतं पाणी देता? हात भाजला माझा!"

बाटलीवरून बर्फाचा चुरा ओघळत होता. लूबीने तो पाहिला. एवढ्या माणसांत ती किंकाळी ओळखणारा तो एकटाच होता.

"तू खाल्लंस," तो म्हणाला.

"डोकं," ती म्हणाली. "काल, तुम्ही गेल्यावर. रस्सा करून. तुम्ही चांगली आहे म्हणालात ना."

"सकाळी विचारलं तेव्हा नाही म्हणालीस."

"तुम्ही काळजी करत बसला असता."

फेरिस आपली गाडी आणायला पळाला. इस्पितळ पाऊण तासावर होतं. लूबीने मुलीला बाकावर बसवलं आणि स्वतः तिच्यापुढे वाळूत गुडघे टेकले. भीती कुठे गेली नव्हती. ती आता त्याच्या एकट्याची राहिली नव्हती, आणि तेच सगळ्यांत भयंकर होतं.

"ऐक. पाणी गारच होतं, पोरी. हात खोटं सांगतोय. गार ते गरम लागेल, बरेच दिवस लागेल. रात्री वाटेल दात पडतायत. ते पडत नाहीत. पाय जड होतील, अंगभर खाज सुटेल. वेड लागलंय असं वाटेल. लागत नाही. मला सगळं ठाऊक आहे. मी तासातासाला तुला सांगत राहीन."

वर्लीनने त्याच्याकडे पाहिलं.

"आजीसारखं होईल का?"

एकतीस वर्षं गावाने काहीही आणून धरलं तरी ज्याच्या तोंडून एकच शब्द निघायचा, तो शब्द आत्ता त्याच्या ओठांवर आला होता. तिला तोच हवा होता. बाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांनाही तोच हवा होता.

"माहीत नाही," लूबी म्हणाला. "खरंच माहीत नाही."

रस्त्यावर फेरिसच्या गाडीचा हॉर्न वाजला. वर्लीनने भाजणारा हात पुढे केला.

"धरा," ती म्हणाली. "आता तुमचं पटेल मला."