हजेरी देणारा तिसरा सर्व्हर

१८ जानेवारी २०२४, गुरुवार, सकाळी दहा वाजून सात मिनिटे. माझ्या नोंदवहीतली त्या दिवसाची पहिली ओळ आहे: 'आटपाडीहून तक्रार, एक्स-रे उघडत नाहीत.'

सांगलीतल्या आमच्या लहानशा कंपनीकडे सातारा-सांगलीच्या काही दवाखान्यांचे अहवाल साठवणारा डेटाबेस होता. क्लाउडवर भाड्याने घेतलेले तीन सर्व्हर मिळून तो चालवत. प्रत्येकाला दोन नेटवर्क इंटरफेस, म्हणजे ये-जा करायची दोन दारे: एक दवाखान्यांसाठी, दुसरे केवळ तिघांच्या आपसातल्या देवाणघेवाणीसाठी.

नेटवर्क पाहणारे काका साताऱ्याकडचे, लष्कराच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले हवालदार. क्लाउडचे काम ते पन्नाशीत शिकले. त्यांचे सहा महिन्यांचे प्रोबेशन त्याच शनिवारी संपत होते. कायम व्हायचे की घरी जायचे, हे तेव्हा ठरणार होते.

रोज दहाला ते प्रत्येक सर्व्हरला पिंग करत, म्हणजे छोटासा संदेश पाठवून उत्तर येते का पाहत, आणि पलटणीतल्यासारखी मोठ्याने हजेरी घेत. "एक नंबर, हजर! दोन नंबर, हजर!" कोणीतरी हमखास विचारी, "काका, चार नंबर रजेवर का?"

त्या दिवशीही तिघे हजर होते. "लाइन साफ हाय, ताई," काका म्हणाले. "दवाखान्यातलंच कायतरी असंल."

मी आटपाडीला फोन लावला. तिथल्या ऑपरेटरबाई वैतागलेल्या होत्या. "आवं मॅडम, साखरेचे रिपोर्ट धडाधड येत्यात. एक्स-रेचं चाक मातूर फिरतंच हाय. पेशंट म्हणतोय, फोटो दिसंपतूर हाड जुळंल!"

लहान ते पोहोचत होते, मोठे ते अडत होते. पिंगचा संदेशही लहानच, आणि एक्स-रेसारख्या मोठ्या फायली तिघांत वाटून ठेवलेल्या असत. म्हणून मी आतल्या दाराने मोठे संदेश पाठवून पाहिले. पहिल्या-दुसऱ्यात ते सुरळीत गेले. तिसऱ्याकडे एकही पोहोचला नाही. इतर दोघांच्या इंटरफेसवर एका वेळच्या संदेशाची मर्यादा नऊ हजार बाइट होती, तिसऱ्यावर दीड हजार. त्याहून मोठे काही आले की तो ते निमूटपणे टाकून देत होता आणि हाक मारली की 'हजर' म्हणत होता.

तिसरा सर्व्हर आदल्या दिवशी काकांनीच नव्याने उभारला होता. त्यांनी पडद्यावरच्या त्या आकड्यावर बोट ठेवले.

"दीड हजार," ते म्हणाले. "पलटणीत वीस वर्सं ह्योच आकडा टाकत आलो. हात आपसूक गेला."

त्यांनीच मर्यादा बदलली आणि दहा मिनिटांत आटपाडीचे एक्स-रे उघडले. मात्र व्यवस्थापकांना पाचपर्यंत अहवाल हवा होता. "कोणामुळे झालं, तेही लिहा," ते मला म्हणाले. शनिवारी त्या ओळीमुळे काकांचे काय होईल, हे मला कळत होते. शिवाय मला टीमप्रमुख व्हायचे होते आणि नेमका लावलेला छडा त्यासाठी उपयोगी होता, हेही मी नाकारणार नाही.

पहिल्या मसुद्यात मी 'मानवी चूक' लिहिले. ते खरे होते, पण अपुरे होते. सर्व्हर उभारल्यावर काय तपासावे याची यादी मी स्वतः केली होती आणि तिच्यात फक्त पिंग होते. काकांनी माझी यादी अक्षरशः पाळली होती.

"ताई, माझं नाव गाळू नगा," काका टेबलाशी येऊन म्हणाले. "पलटणीत चूक लपवणारा आधी घरी जातो, करणारा मागनं."

"गाळत नाही, काका. पण तुमच्या नावाच्या वर माझं नाव आहे."

"आवं, तुमचं कशापायी?"

मी त्यांना यादी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. "मग दोघंबी एकाच खटल्यात," एवढेच म्हणाले.

व्यवस्थापकांनी अहवाल वाचून दोघांकडे पाहिले. शनिवारी काकांना काढले नाही, कायमही केले नाही. प्रोबेशन तीन महिने वाढवले. मला तो निर्णय कडक वाटला, काकांना रास्त. सोमवारपासून त्यांनी हजेरीची रीत बदलली: प्रत्येक सकाळी प्रत्येक सर्व्हरला शंभर मोठे संदेश आणि आलेल्या उत्तरांची मोजणी. आकडे मी लिहून घेत असे.

मुदत संपायच्या दिवशी व्यवस्थापकांनी मला विचारले, "ह्यांना कायम करायला आधार काय?" मी नोंदवही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. तीन महिन्यांच्या हजेऱ्यांखाली हरवलेल्या संदेशांची बेरीज होती: शून्य.