ग्रहणातलं वांगं

“मीच चिरलं,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “हा पोटात होता अन् ग्रहण लागल्तं. मी वांगं चिरलं. दुसऱ्या कुणाचा दोष न्हाई.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ग्रहणाचा काहीही संबंध नाही. माणसाच्या अंगात जनुकांच्या दोन-दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. तुमच्या मुलात एका तुकड्याची एकच प्रत आहे. म्हणून पोटातच मेंदूची घडण नीट झाली नाही. तिघांचं रक्त तपासलंय. तो तुकडा बापातही कमी आहे. कुणाला त्याचा त्रास जास्त होतो, कुणाला थोडा. त्यांना थोडा झाला.

तिचा नवरा तेव्हा बाहेर नळावर पोराला पाणी पाजत होता. आत मी होते. तिची शेजारीण, शिकलेली चौथीच, पण तोंड चालतं म्हणून तिनं सोबत आणलेली.

“ऐकलंस ना?” मी म्हटलं. “सुटलीस तू.”

तिनं दाराकडे बघितलं. “काकू, ह्यांना सांगू नका.”

“त्यांनाही कळायला हवं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“सांगीन की,” ती म्हणाली. सांगणार नव्हती, हे मला तिथंच कळलं.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, जिला डोहाळजेवणाला कुणी बोलवत नाही. आमच्या टेंभुर्णीत ही होती. सासूनं ते वांगं गावभर केलं. सासू मेली, वांगं राहिलं. पोराला मिशा फुटल्या तरी शर्टाच्या गुंड्या हीच लावायची. नवीन माणूस भेटलं की त्यानं विचारायच्या आधीच सांगून टाकायची, “मीच चिरलं.”

नवरा भोळा. बाजारातून मेथी आण म्हटलं तर झाडू आणायचा. ही हसायची, “आज झाडूची भाजी करते.” पण आई बायकोला वांग्यावरून बोलायला लागली, की तो उठून बायकोशेजारी जाऊन बसायचा.

परतताना एसटीत त्यानं विचारलं, “काय म्हन्ली डॉक्टरीण?”

“तेच. ग्रहणाचं.”

“जाऊ दे गं,” तो म्हणाला. “तवा भूक लागल्ती तुला.”

स्टँडवर उतरल्यावर बापलेक पुढे गेले. मी तिला धरलं. “येडी हायेस का? उद्या मी सगळ्या गल्लीला सांगते.”

“नका, काकू. पोराकडं बघताना मान खाली जाती. माझी गेली, मला म्हाईत हाये. ह्यांची कशाला घालायची?”

मला राग आला. अजून आहे. पण मी कुणाला सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती तापानं गेली. तेराव्याला बायका जेवत होत्या. एक म्हणाली, “ग्रहण भोवलं बिचारीला.” मी तिच्या पानात भात वाढला आणि पुढे सरकले.

आता पोराच्या गुंड्या बाप लावतो. एक हमखास चुकते. मग दोघं ओट्यावर बसतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. बापाला वाचता येत नाही, म्हणून मी हे लिहिलं.

नवरा आहे. पोरगा आहे. ती नाही.